साडेनऊ वर्षांच्या पॉम (पोमेरेनियन) कुत्र्याच्या हार्टला मर्मर निघालाय, औषध लगेच सुरू करायचं का? ऑपरेशन होतं का?

चिकूचीआई, कर्वेनगर

नमस्कार, इथे पहिल्यांदाच लिहितीये, थोडं लांबेल पण डोकं नुसतं भणभणलंय म्हणून सगळंच लिहून टाकते.

आमचा चिकू, पॉम आहे, साडेनऊ वर्षांचा, वजन ६ किलो २०० ग्रॅम. मागच्या शनिवारी रेबीजच्या इंजेक्शनला नेला होता, दरवर्षी नेतो तसाच, एरवी डॉक्टर छातीला स्टेथोस्कोप लावतात आणि दोन सेकंदात काढतात, यावेळी लावला तो काढेचनात, डावीकडे ऐकलं, उजवीकडे ऐकलं, परत डावीकडे, तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला. म्हणाले हार्टला मर्मर आहे, म्हणजे ठोक्यांमध्ये जास्तीचा आवाज येतोय, सहापैकी तीन ग्रेडचा, मायट्रल व्हॉल्व्ह, म्हणजे हार्टच्या डाव्या बाजूची झडप, लीक होत असणार, छोट्या जातींना या वयात होतं, एक्सरे आणि टू-डी इको (हार्टची सोनोग्राफी) करून घ्या मग औषधाचं ठरवू. मी घरी येऊन रात्रभर मोबाईलवर वाचत बसले आणि अजूनच घाबरले.

तसा चिकू मजेत आहे. खातो, सकाळी सासऱ्यांबरोबर कॅनॉल रोडला फिरून येतो, पोळीचा डबा उघडला की झोपेतून उठून ओट्याशी हजर. फक्त खोकतो. बेल वाजली किंवा पट्टा ओढला गेला की हँक हँक हँक असं कोरडं, घशात काहीतरी अडकल्यासारखं, आणि हल्ली कधीकधी रात्री पण.

आता गोंधळ असा झालाय की दीर म्हणतात इकोवर पैसे कशाला घालवता, हार्टची गोळी ठरलेलीच असते, पिमोबेन्डन, ती सुरू करून टाका. खालच्या मजल्यावरच्या काकूंचा कुत्रा याच आजाराने गेला, त्यांच्याकडे लॅसिक्स, लघवीवाटे अंगातलं पाणी काढणारी गोळी, उरली आहे, त्या म्हणतात खोकतोय म्हणजे छातीत पाणी झालंय, अर्धी गोळी देऊन बघ. आणि बाबा, म्हणजे सासरे, त्यांचा स्वतःचा व्हॉल्व्ह बदललाय पाच वर्षांपूर्वी, ते रोज सकाळी चहाला बसले की एकच विचारतात, अगं माझा बदलला ना, मग याचा का नाही बदलत? मला उत्तर देता येत नाही. त्यांच्या ऑपरेशननंतर तीन महिने ते घराबाहेर पडत नव्हते, चिकूला फिरवायचं म्हणूनच पहिल्यांदा खाली उतरले होते.

कोणाच्या कुत्र्याला हे झालंय का? इको खरंच लागतो का? पुण्यात होतो का, भूल देतात का त्याला? आणि बाबांना काय सांगू?

---

सिंहगडरोडकर

ताई सगळ्यात आधी ती लॅसिक्स देऊ नका. काकूंचा हेतू चांगलाच असणार पण देऊ नका.

आमची बबडी, डॅशंड, आता बारा वर्षांची आहे. तिला पण असाच मर्मर निघाला होता नऊ वर्षांची असताना, आम्ही इको केला तेव्हा हार्ट अजिबात वाढलेलं नव्हतं, डॉक्टर म्हणाले काही औषध नको, सहा महिन्यांनी परत या. मला तेव्हा राग आला होता खरं सांगतो, हार्टचा आजार आहे आणि औषध नको म्हणजे काय. पण तेच बरोबर होतं. वर्षभराने परत इको केला तर डावी बाजू मोठी झाली होती, तेव्हा पिमोबेन्डन सुरू झाली ती आजपर्यंत चालू आहे, आणि मागच्या दिवाळीनंतर एकदा खरंच फुफ्फुसात पाणी झालं, एक रात्र ऑक्सिजनमध्ये ठेवली होती, तेव्हापासून लॅसिक्स आणि स्पायरोनोलॅक्टोन (तीही लघवीवाटे पाणी काढणारीच) पण आहे. बारा वर्षांची आहे आणि अजून घंटागाडी आली की भुंकते.

इको पुण्यात होतो, करणारे डॉक्टर आहेत, आधी अपॉइंटमेंट घ्यावी लागते, तुमच्या डॉक्टरांनाच विचारा कोणाकडे पाठवतात ते. भूल नाही देत. बबडीचे कोपरामागचे थोडे केस काढले, टेबलावर कुशीवर झोपवली, मी डोक्याशी उभा राहून कान चोळत होतो आणि बायकोने मागचे पाय धरले होते, जेल गार लागलं तेव्हा एकदाच दचकली, नंतर गप्प पडून होती. पाऊण तास गेला असेल. त्या स्क्रीनवर डॉक्टरांनी रंग लावून दाखवलं, निळा लाल असा झोत, दर ठोक्याला थोडं रक्त उलटं मागे फेकलं जातंय ते स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं. ते बघितल्यावर मला हा आजार समजला, तोपर्यंत नुसता शब्द होता.

रोजच्या गोष्टी ज्या आम्हाला कोणी सांगितल्या नव्हत्या त्या सांगतो. पिमोबेन्डन सकाळी सात आणि संध्याकाळी सात, जेवणाच्या तासभर आधी, रिकाम्या पोटी चांगली लागू पडते, आम्ही उकडलेल्या रताळ्याच्या बोराएवढ्या गोळीत दाबून देतो, तेवढ्याने काही बिघडत नाही असं डॉक्टर म्हणाले. चीजमध्ये घालून देऊ नका, मीठ असतं. मीठ म्हटलं की आपल्याला वाटतं आपण कुठे घालतो कुत्र्याला मीठ, पण खारी, टोस्ट, फरसाण, पापड, ब्रेड, आमटीत बुडवलेली पोळी, सगळं मीठच आहे. आमच्याकडे आईची सवय मोडायला दोन महिने लागले. पण एकदम अळणी पथ्याचं जेवण करून त्याचं खाणंच कमी झालं असं पण करू नका, वजन आणि मांस टिकलं पाहिजे.

आणि पट्टा आजच काढा गळ्यातला, हार्नेस आणा, छातीवर बसणारा.

लॅसिक्स कधी सुरू झालीच तर पाणी कधीही कमी करायचं नाही हे लक्षात ठेवा. आम्हाला एका ओळखीच्या माणसाने सांगितलं होतं की लघवी फार करते तर रात्री पाण्याचं भांडं उचलून ठेवा, आम्ही ठेवलं, चार दिवसांत बबडी मलूल झाली, खाणं सोडलं, रक्त तपासलं तर क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे किडनीवर ताण आलेला. सलाईन लावावं लागलं. ती चूक माझी मी अजून विसरलो नाहीये. आता गॅलरीत पेपर टाकून ठेवतो आणि पाण्याची दोन भांडी असतात.

---

व्हेट_हडपसर

मी पशुवैद्य आहे, प्रॅक्टिस छोट्या प्राण्यांचीच. चिकूला न तपासता त्याचं निदान मी करणार नाही, पण तुमचे प्रश्न फार योग्य आहेत म्हणून सविस्तर लिहितोय.

छोट्या कुत्र्यांमधला हा सगळ्यात कॉमन हार्टचा आजार. व्हॉल्व्हच्या पाकळ्या वयानुसार जाड आणि गाठाळ होतात, त्यांना धरून ठेवणारे दोरे सैल पडतात, मग पाकळ्या नीट मिटत नाहीत आणि रक्त मागच्या कप्प्यात, म्हणजे डाव्या एट्रियममध्ये गळतं. डॅशंड, पूडल, शित्झू, चिवावा, पॉम, कॅव्हेलियर यांच्यात जास्त, साधारण २० किलोच्या आतले सगळेच. तुम्ही काही खायला घातलं म्हणून झालं नाही, तुमच्याकडून काही राहून गेलं म्हणूनही नाही. हे मुद्दाम लिहितोय कारण दर वेळी माझ्या टेबलासमोर उभी असलेली व्यक्ती मनात तेच विचारत असते.

आता औषध सुरू करायचं का याचं उत्तर गोळीत नाही, स्टेजमध्ये आहे. नुसता मर्मर आहे, हार्ट वाढलेलं नाही, ती बी१. मर्मर आहे, त्रास काही नाही, पण हार्ट वाढलंय, ती बी२. फुफ्फुसात पाणी झालं किंवा एकदा होऊन गेलं की सी. आणि नेहमीच्या औषधांना दाद देईना की डी. बी१ मध्ये कुठल्याही औषधाचा फायदा सिद्ध झालेला नाही, तिथे फक्त लक्ष ठेवायचं. बी२ मध्ये पिमोबेन्डनचा फायदा पक्का आहे. २०१६ साली एपिक नावाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, ३६० कुत्रे होते त्यात, सगळे या बी२ अवस्थेतले. निम्म्यांना पिमोबेन्डन, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. हार्ट फेल होईपर्यंतचा किंवा हार्टमुळे मृत्यू येईपर्यंतचा काळ बिनऔषधवाल्यांत मध्यक (निम्म्यांचा याहून कमी, निम्म्यांचा जास्त) ७६६ दिवस निघाला आणि पिमोबेन्डनवाल्यांत १२२८ दिवस. म्हणजे जवळजवळ १५ महिने जास्त, आणि ते पण त्रास सुरू व्हायच्या आधीचे, चांगले महिने. नऊ-दहा वर्षांच्या कुत्र्याला सव्वा वर्ष म्हणजे किती, ते तुम्हीच बघा.

म्हणून इको. तुमच्या दिरांना हे सांगा, बी१ आणि बी२ बाहेरून सारखेच दिसतात, दोघंही पोळीचा डबा वाजला की पळत येतात. फरक फक्त मोजून कळतो. इकोमध्ये डावं एट्रियम महाधमनीच्या तुलनेत किती ते बघतात, १.६ किंवा जास्त असलं आणि डाव्या व्हेंट्रिकलचं, म्हणजे रक्त बाहेर ढकलणाऱ्या कप्प्याचं, वजनाच्या हिशोबाने काढलेलं माप १.७ किंवा त्याच्या वर गेलं की हार्ट वाढलंय असं धरतात. एक्सरेमध्ये हार्टची लांबी रुंदी पाठीच्या मणक्यांशी जुळवून मोजतात, साडेदहा मणक्यांच्या वर गेलं तर शंका घ्यायची. इको अजिबातच शक्य नसेल तर एक्सरेवरून पण काही अंदाज येतो, काहीच न करण्यापेक्षा तो करा.

खोकल्याबद्दल. बेल वाजली की, पट्टा ओढला की हँक हँक, हे वर्णन ऐकून मला आधी श्वासनलिका आठवते. पॉममध्ये श्वासनलिका चपटी होण्याचं प्रमाण बरंच आहे आणि ते हार्टशिवाय पण होतं. दुसरं म्हणजे वाढलेलं एट्रियम डाव्या फुफ्फुसाकडे जाणाऱ्या फाट्यावर खालून दाबतं, त्यानेही खोकला येतो आणि तेव्हाही फुफ्फुसात पाणी नसतं. लॅसिक्स फक्त पाण्यावर चालते. पाणी नसताना दिली तर खोकला आहे तिथेच राहतो आणि शरीर कोरडं पडतं, किडनीवर ताण येतो, पोटॅशियम उतरतं. बबडीचं काय झालं ते वर वाचलंच तुम्ही. लॅसिक्स सुरू केल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायचंच असतं. आणि कोणी माणसांची आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक द्यायला सांगितली तर ती पण नाही, कधीच नाही.

आता तुमच्या सासऱ्यांचा प्रश्न, जो मला सगळ्यात आवडला. त्यांना सांगा की होतं ऑपरेशन, पण बदलत नाहीत, दुरुस्त करतात. माणसाला लावतात तसा कृत्रिम व्हॉल्व्ह कुत्र्यांत लावून पाहिला गेलाय, त्यावर गुठळ्या फार होतात, शिवाय सहा किलोच्या कुत्र्याचं हार्ट केवढं असतं, मोठ्या लिंबाएवढं. जपानमध्ये डॉ. मसामी उएची यांनी ही दुरुस्तीची पद्धत बसवली. हार्ट-लंग मशीनवर (तेवढा वेळ हार्ट आणि फुफ्फुसांचं काम करणाऱ्या पंपावर) घेऊन हार्ट थांबवतात, तुटलेल्या सैल दोऱ्यांच्या जागी गोरटेक्स नावाच्या कृत्रिम धाग्याचे बारीक दोरे शिवतात आणि व्हॉल्व्हचं सैल पडलेलं कडं टाके घालून आवळतात. हातखंडा असलेल्या टीमकडे दहातले नऊच्या वर कुत्रे त्यातून घरी जातात आणि बऱ्याच जणांची औषधं पण सुटतात. योकोहामाला त्यांचं सेंटर आहे, इंग्लंडमध्ये रॉयल व्हेटर्नरी कॉलेजनेही ही ऑपरेशनं केली आहेत. अलीकडे अजून एक निघालंय, चीनमध्ये तयार झालेली व्ही-क्लॅम्प नावाची क्लिप, ती छातीत छोटा छेद घेऊन हार्टच्या टोकातून आत नेतात, हार्ट थांबवावं लागत नाही, आणि दोन पाकळ्या मध्यभागी एकमेकींना चिमटून टाकतात. गळती पूर्ण थांबत नाही, कमी होते. अमेरिकेत कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीत वगैरे करतात.

यासाठी मशीनपेक्षा माणसं लागतात, भूल देणारे, पंप चालवणारे, रक्तदाते कुत्रे, ऑपरेशननंतर रात्रंदिवस जागणारे. ती जुळलेली टीम मोजक्या ठिकाणी आहे, खर्च आणि प्रवास प्रचंड. मी माझ्या पेशंटना परदेशात जा असं सांगत नाही, विचारलं तर माहिती देतो. इथे आपल्या हातात जे आहे ते म्हणजे योग्य वेळी सुरू केलेली गोळी, आणि ते कमी नाहीये.

---

औंधचे_काका

मी वयाने मोठा आहे म्हणून बेटा म्हणतो. डॉक्टरांनी सगळं सांगितलंय, मी एकच गोष्ट सांगायला आलोय. श्वास मोज.

आमचा गब्बर, पांढरा पॉमच, दोन वर्षांपूर्वी गेला. औषधं सगळी चालू होती, वेळच्या वेळी. शेवटच्या आठवड्यात तो झोपेत जरा भरभर श्वास घेत होता, मला दिसत होतं, मला वाटलं उकडतंय, एप्रिल होता, फॅन वाढवला, फरशी ओल्या फडक्याने पुसून दिली. त्या रात्री दीड वाजता तो उठून बसला आणि आडवाच होईना, मान पुढे काढून, कोपरं बाहेर टाकून बसून राहिला, पोट आत-बाहेर आत-बाहेर. मी सकाळची वाट बघितली. रिक्षावाले कुत्र्याला घेत नव्हते, ज्या दवाखान्याचा रात्रीचा नंबर होता तिथे कोणी उचलला नाही, आणि मी म्हटलं उजाडलं की नेऊ. साडेपाचला तो माझ्या मांडीवर गेला. नंतर मला कळलं की आधीचे तीन-चार दिवस तो आम्हाला सांगतच होता, फक्त मोजायला कोणी शिकवलं नव्हतं.

गाढ झोपलेला असताना मोजायचं. छाती वर आली आणि खाली गेली म्हणजे एक. घड्याळात तीस सेकंद धर, येईल त्याला दोनने गुण. स्वप्न बघत असेल, पाय हलत असतील तेव्हा नाही, धापा टाकत असेल तेव्हा नाही. मिनिटाला तीसच्या आत पाहिजे. तीसच्या वर गेलं तर थोड्या वेळाने परत मोज, परत तेच आलं तर डॉक्टरांना त्याच दिवशी फोन. चाळीसच्या वर किंवा आडवाच होत नाहीये, हिरड्या निळसर दिसतायत, तर रात्र बघायची नाही, निघायचं. आणि आजच, चिकू चांगला असतानाच, रात्री उघडा असणारा दवाखाना कोणता ते शोध, एकदा स्वतः रात्री अकरा नंतर फोन करून बघ कोणी उचलतं का, आणि गाडी कोण काढणार ते ठरवून ठेव.

---

चिकूचीआई, कर्वेनगर

काका, तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही. पण तेव्हाच उठून मोजले, तुमच्यामुळे. २४ आले. गब्बरबद्दल खूप वाईट वाटलं, काय लिहू कळत नाहीये.

दहा दिवसांनी लिहितीये. इको झाला. डावं एट्रियम १.७५, व्हेंट्रिकलचं माप १.८, एक्सरेमध्ये हार्ट सव्वाअकरा मणके. फुफ्फुसं स्वच्छ, पाणी नाही. श्वासनलिका गळ्यापाशी चपटी आहे, डॉक्टर म्हणाले खोकला बराचसा तिथलाच आहे. म्हणजे काकूंची गोळी दिली असती तर... नकोच तो विचार. स्टेज बी२ सांगितली, पिमोबेन्डन सुरू झाली कालपासून, किलोमागे साधारण पाव मिलीग्राम असा हिशोब करून दिवसातून दोनदा. हार्नेस आणला, पहिल्या दिवशी चिकू पुतळ्यासारखा उभा राहिला, आता चालतो. दिरांनीच इकोला गाडी काढली आणि दोन्ही पाय त्यांनीच धरले होते.

बाबांना डॉक्टरांनी लिहिलेलं सगळं वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं. गोरटेक्सच्या दोऱ्यांपाशी थांबवलं आणि त्यांच्या छातीच्या टाक्यांवरून हात फिरवला. मग म्हणाले, म्हणजे येतं लोकांना हे. आपल्याकडे पण येईल कधीतरी. तोवर गोळी मी देणार. सातचा गजर त्यांनीच लावलाय.

दोन गोष्टी विचारायच्यात. दात खूप खराब आहेत, किटण चढलंय, ते साफ करून घ्यायचं तर भूल चालेल का, आणि दातांमुळेच तर हे झालं नाही ना? आणि आता गणपती येतायत, आमच्या गल्लीत ढोलपथक सराव करतं, तो फार घाबरतो.

---

व्हेट_हडपसर

उत्तम केलंत. मापं वाचून बी२च वाटतं.

दातांमुळे व्हॉल्व्ह असा होत नाही, पूर्वी तसं मानायचे. पण हिरड्यांचा जंतुसंसर्ग वाईटच, खाणं कमी होतं. बी२ मधल्या कुत्र्याला भूल देता येते, नीट तयारी करून, सलाईन बेताने लावून. महिनाभर गोळी बसू द्या, मग रक्त तपासून ठरवा, आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना इकोचा रिपोर्ट हातात द्या. पुढचा इको सहा महिन्यांनी.

ढोलाचं मनावर घ्या. विसर्जनाच्या दिवशी त्याला आतल्या खोलीत, खिडक्या बंद, पंखा मोठा, शक्य असेल तर दोन दिवस गावाकडे किंवा शांत नातेवाईकांकडे. भीतीवरची औषधं असतात, आत्ताच तुमच्या डॉक्टरांशी बोलून घ्या, ऐन दिवशी कोणी सापडत नाही. स्वतःहून झोपेची गोळी देऊ नका.

---

सिंहगडरोडकर

ताई आमच्याकडे धायरीच्या पुढे शेताकडे घर आहे, विसर्जनाच्या दोन दिवस आम्ही बबडीला घेऊन तिथेच असतो, ढोल अजिबात ऐकू येत नाही. चिकू आणि बाबा दोघंही या. खरंच सांगतोय, मेसेज करा.

---

चिकूचीआई, कर्वेनगर

दादा नक्की येऊ. बाबा तर आत्तापासून विचारतायत बबडीला उकडलेलं रताळं चालतं ना, बरोबर आणतो.

काका, तुमच्यासाठी एवढं लिहिते. दिवाणाशेजारच्या भिंतीवर कालनिर्णय आहे, त्यावर बाबा रोज रात्री दहाला त्या दिवसाच्या चौकोनात पेन्सिलने आकडा लिहितात. चष्मा लावून, हातातलं घड्याळ चिकूच्या पोटाजवळ धरून, पूर्ण मिनिटभर मोजून. आत्तापर्यंत २४, २२, २३, २१, २२, १९. आजचा आकडा लिहिल्यावर त्याच्या खाली छोट्या अक्षरात त्यांनी गब्बर असं लिहून ठेवलंय, मी विचारलं तर म्हणाले, ज्याच्यामुळे मोजायला शिकलो त्याचं नाव नको का?